जंतूचे नाव बदलले, जंतू तोच!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आष्ट्याच्या माझ्या प्रयोगशाळेत सत्तरीचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. आपण त्यांना तात्या म्हणू. ऊसबागायतदार माणूस. प्रोस्टेटच्या त्रासामुळे त्यांना दोन वेळा लघवीची नळी घालावी लागली होती. पिशवीतून त्यांनी दोन रिपोर्ट काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही लघवीच्या कल्चरचे. एक चार महिन्यांपूर्वीचा, दुसरा त्याच आठवड्यातला आणि वेगळ्या प्रयोगशाळेचा. पहिल्यावर जंतूचे नाव होते 'एन्टेरोबॅक्टर एरोजेनिस', दुसऱ्यावर 'क्लेब्सिएला एरोजेनिस'.

"डॉक्टर, पहिला जंतू गेला आणि दुसरा आला म्हणायचा का?" तात्यांनी विचारले.

मुलाचा प्रश्न निराळा होता. "क्लेब्सिएला आमच्या शेजाऱ्यालाही झाला होता. त्याला एका इंजेक्शनने चांगला गुण आला. त्याची चिठ्ठी आणलीय. तेच चालू करायचं का?"

दोघांचाही समज चुकीचा होता, पण चूक त्यांची नव्हती. जंतू एकच होता. दोन्ही प्रयोगशाळांनी आपापल्या परीने बरोबरच नाव लिहिले होते. एकीने जुने, दुसरीने नवे. २०१७ साली शास्त्रज्ञांनी या जंतूला एन्टेरोबॅक्टर कुळातून काढून क्लेब्सिएला कुळात घातले. जंतूला त्याची खबरही नाही! तो आपला पूर्वीसारखाच वागतो आहे. आणि शेजाऱ्याचे इंजेक्शन तात्यांना कदाचित मुळीच लागू पडले नसते. ते का, हे पुढे येईलच.

जंतूंची नावे का बदलतात, त्याने रुग्णाचे काय बिघडू शकते आणि संगणकाच्या युगात ही नावे कशी सांभाळावी लागतात, याची माहिती आज घेऊ. विषय वाटतो तितका रुक्ष नाही.

जिल्हा सातारा की सांगली?

तात्यांना मी विचारले, "तुमच्या घरी जमिनीचे जुने कागद आहेत ना? त्यावर जिल्हा कोणता लिहिलाय?"

"आजोबाच्या कागदावर सातारा. वडलांच्या कागदावर दक्षिण सातारा. आमच्यावर सांगली."

"मग जमीन तीनदा हलली का?"

तात्या हसले. आष्टा जागचे हललेले नाही. १९४९ सालापर्यंत आपला भाग सातारा जिल्ह्यात होता. त्या वर्षी विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर थोड्याच काळात त्याला सांगली हे नाव मिळाले. यात दोन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. दक्षिण साताऱ्याचे सांगली झाले ते निव्वळ नामांतर. सीमा त्याच, नाव नवे. परंतु १९४९ मध्ये झाली ती वाटणी. 'सातारा' हे नाव तेच राहिले, पण त्याचा अर्थ आकुंचन पावला. म्हणूनच फार जुन्या कागदावरचा 'जिल्हा सातारा' वाचून कोणी आजच्या साताऱ्यात आपले शेत शोधू लागला तर त्याला ते सापडणार नाही.

जंतूंच्या बाबतीत नेमके हेच दोन प्रकार घडतात, आणि दुसरा प्रकार जास्त फसवा असतो.

नावे ठेवतो कोण?

जंतूच्या शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला कुळाचा, म्हणजे आपल्या आडनावासारखा. दुसरा त्या जातीचा. पूर्वी जंतूंची कुळे ठरवण्यासाठी सूक्ष्मदर्शकातून दिसणारा आकार, रंग कसा घेतो, कोणती साखर आंबवतो, एवढीच साधने होती. पुढे जंतूच्या पेशीतील डीएनए वाचता येऊ लागले आणि कळले की वरून सारखे दिसणारे काही जंतू मुळात नात्यातलेच नाहीत, तर काही परके वाटणारे सख्खे भाऊ आहेत. मग आडनावे बदलावी लागली.

हा कारभार मनमानी नाही. जिवाणूंच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. १ जानेवारी १९८० रोजी मान्य नावांची यादी प्रसिद्ध करून जुना गोंधळ एकदाचा आवरण्यात आला. तेव्हापासून नवे नाव नियमानुसार प्रसिद्ध झाल्याशिवाय ग्राह्य धरले जात नाही. बुरशी आणि विषाणू यांचे नियम वेगळे आहेत.

आपल्या नेहमीच्या ओळखीच्या जंतूंनाही हे चुकलेले नाही. लघवीच्या रिपोर्टवर हमखास दिसणारा 'ई. कोलाय' १८८५ साली एशेरिख या डॉक्टरांनी वर्णिला, तेव्हा त्याचे नाव बॅक्टेरियम कोलाय असे होते. एशेरिख यांच्या स्मरणार्थ एशेरिकिया हे कुळनाव नंतर आले. प्रतिजैविकांबरोबर दिल्या जाणाऱ्या काही कॅप्सूलवर पूर्वी 'लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस' असे छापलेले असे. २०२० साली लॅक्टोबॅसिलस या एका कुळाची २५ कुळे झाली आणि त्या जंतूचे नाव 'लॅक्टिकेसीबॅसिलस ऱ्हॅम्नोसस' झाले. फार काय, आपले शेतकरी उसासाठी ज्या जिवाणू खताला 'अ‍ॅसिटोबॅक्टर' म्हणतात, त्यातील जंतूचे कुळही १९९० च्या दशकातच बदलून 'ग्लुकोनअ‍ॅसिटोबॅक्टर' झाले. उसाला त्याने काही फरक पडला नाही.

खताच्या बाटलीवर जुने नाव राहिले तर बिघडत नाही. रुग्णाच्या कागदावर मात्र बिघडू शकते. त्याची चार उदाहरणे पाहू.

१) नवे आडनाव आणि जुनी सवय

तात्यांच्या जंतूपासूनच सुरुवात करू. क्लेब्सिएला म्हटले की बहुतेक डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर 'क्लेब्सिएला न्यूमोनी' हा नेहमीचा जंतू येतो. प्रयोगशाळेने सेफ्ट्रियाक्झोनसारखे इंजेक्शन त्याच्यावर चालते असे कळवले, तर ते सहसा चालते. क्लेब्सिएला एरोजेनिसचे तसे नाही. अशा औषधांचा नाश करणारा एक पाचक रस बनवण्याची कला त्याच्यात जन्मजातच असते. औषध सुरू झाले की तो हा रस अधिक प्रमाणात बनवू लागतो. त्यामुळे काचेच्या बशीत औषध चालताना दिसते आणि शरीरात मात्र अर्ध्यावर हात टेकते. म्हणून विशेषतः गंभीर संसर्गात तज्ज्ञ या जंतूसाठी ते औषध टाळण्यास सांगतात. एन्टेरोबॅक्टर हे नाव होते तेव्हा ते वाचूनच डॉक्टर सावध होत असत. नव्या नावाने ती घंटा वाजेनाशी झाली.

मुलाच्या हातातली शेजाऱ्याची चिठ्ठी धोक्याची होती ती यामुळे. मी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून औषध ठरवले.

२) विषमज्वर नावाआड दडला तर?

विषमज्वराचा, म्हणजे टायफॉइडचा जंतू १८८० साली एबर्थ यांनी पाहिला. त्याला एबर्थेला टायफोसा, साल्मोनेला टायफोसा, साल्मोनेला टायफी अशी नावे मिळत गेली. पुढे असे आढळले की साल्मोनेलाचे शेकडो प्रकार खरे तर एकाच जातीचे आहेत. त्या जातीला 'साल्मोनेला एन्टेरिका' म्हणावे आणि टायफी हा तिचा केवळ एक प्रकार मानावा, अशी सूचना १९८७ साली पुढे आली. शास्त्राच्या दृष्टीने ती योग्य होती, तरी नामकरणाचा न्यायनिवाडा करणाऱ्या आयोगाने ती लगेच मान्य केली नाही. रिपोर्टवर नुसते 'साल्मोनेला एन्टेरिका' वाचून एखाद्या डॉक्टरला हे साधे अन्नातून झालेले जुलाब वाटले आणि विषमज्वर नजरेतून निसटला तर, ही शंका होती. अखेर २००५ साली तो बदल मान्य झाला. तरीही चांगली प्रयोगशाळा 'टायफी' हा शब्द रिपोर्टवरून कधीही गाळत नाही, कारण रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा शब्द तोच आहे.

३) प्लेगचे नाव का बदलले नाही?

महाराष्ट्राला प्लेगची ओळख करून द्यायला नको. १८९६ साली मुंबईत साथ आली, पुढच्या वर्षी पुणे होरपळले. प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. १९९४ साली बीड जिल्हा आणि सुरत येथून बातम्या आल्या तेव्हा सगळा देश हादरला होता.

या प्लेगच्या जंतूचा शोध १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी लावला. अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत त्याचे नाव पाश्चुरेला पेस्टिस असे होते, नंतर ते येर्सिनिया पेस्टिस झाले. पुढे डीएनएच्या तपासणीत दिसले की हा जंतू आणि 'येर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस' हा सहसा पोटाचा सौम्य आजार करणारा जंतू जवळजवळ एकच आहेत. १९८१ साली सुचवण्यात आले की प्लेगच्या जंतूला त्या सौम्य जंतूची उपजात मानावे. नियमाप्रमाणे ते बरोबर होते. पण विचार करा. प्रयोगशाळेने लांबलचक नाव लिहिले, कोणीतरी शेवटचा शब्द गाळला, आणि प्लेगचा रुग्ण पोटदुखीचा म्हणून वॉर्डात इतरांशेजारी झोपला! १९८५ साली आयोगाने हे नाव फेटाळले. ज्या नावामुळे आरोग्याला वा जिवाला अपाय होऊ शकतो ते नाव नाकारावे, अशी तरतूदच नियमांत आहे. शास्त्रापेक्षा माणसाचा जीव मोठा, हे तिथे मान्य केले गेले.

४) आवेचा अमीबा आणि वाटणी

आता वाटणीचे उदाहरण. आव पडली की शौचाची तपासणी आणि रिपोर्टवर 'एन्टामिबा हिस्टोलिटिका' हे नाव, हा आपल्याकडचा जुना परिपाठ. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्रुम्प्ट यांनी १९२५ सालीच म्हटले होते की या एका नावाखाली दोन अमीबा आहेत, एक रोग करणारा आणि एक निरुपद्रवी. त्यांचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९९३ साली ते मान्य झाले. निरुपद्रवी अमीबाला 'एन्टामिबा डिस्पार' हे नाव मिळाले आणि रोगकारक अमीबाकडे जुने नाव राहिले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पुटिका ओळखू न येण्याइतक्या सारख्या दिसतात. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सांगितले की नुसता डिस्पार असेल तर औषधाची गरज नाही.

म्हणजे १९८५ च्या रिपोर्टवरील 'हिस्टोलिटिका' आणि आजच्या खास चाचणीने सिद्ध झालेला 'हिस्टोलिटिका' या एकाच अर्थाच्या गोष्टी नव्हेत. जुन्या कागदावरच्या 'जिल्हा सातारा'सारखेच हे आहे. जुना रिपोर्ट वाचताना तारीख पाहावी लागते ती यासाठी.

माझीच एक चूक

आता संगणकाकडे वळू. काही वर्षांपूर्वी मीच माझ्या प्रयोगशाळेतील संगणकाच्या यादीतून 'एन्टेरोबॅक्टर एरोजेनिस' काढून टाकायला आणि 'क्लेब्सिएला एरोजेनिस' ही नवी नोंद घालायला सांगितले. काम पाच मिनिटांत झाले. आपण अद्ययावत झालो, याचे समाधानही वाटले.

पुढे जवळच्या एका लहान रुग्णालयातून विचारणा झाली. लघवीची नळी घातलेल्या रुग्णांत हा जंतू वर्षभरात किती वेळा सापडला? मी संगणकाला विचारले. उत्तर आले, दोन. दोन म्हणजे काही विशेष नाही, असे मी कळवूनही टाकले. रात्री जेवताना आठवण झाली. सकाळी लवकर येऊन जुन्या नावाने शोधले, तर आणखी तीन निघाले. एकूण पाच, आणि सगळे थोड्याच महिन्यांतले! पाच म्हणजे नळी घालण्याच्या पद्धतीत, हात धुण्यात किंवा साहित्य निर्जंतुक करण्यात कुठेतरी खोट असण्याची शक्यता. मी लगेच फोन करून चूक कबूल केली. त्यांनी तपासणी केली, पद्धत सुधारली. पण माझ्या पाच मिनिटांच्या टापटिपीने ती साथ जवळपास झाकली होती, हे मी विसरलेलो नाही.

सात-बाराची युक्ती

ही चूक टाळायची युक्ती आपल्या तलाठ्याच्या दप्तरात आहे, असे मी म्हटले तर वाचकांना नवल वाटेल. जमिनीला गट नंबर असतो. मालकाचे नाव बदलले तरी तो बदलत नाही. जुन्या नावाला कंस होतो, नवे नाव लागते आणि फेरफाराची नोंद राहते. जुने नाव कोणी खोडरबराने पुसत नाही. वाटणी झाली तर पोटहिस्से पडतात.

वैद्यकीय संज्ञांच्या संगणकीय कोशातही हेच करतात. 'स्नोमेड सीटी' हा असा आंतरराष्ट्रीय कोश आहे. भारत २०१४ साली त्याचा सदस्य झाला. आपल्या देशापुरते त्याचे काम पुण्याच्या सी-डॅक या संस्थेतील राष्ट्रीय केंद्र पाहते. या कोशात प्रत्येक रोगाला, तपासणीला आणि जंतूला एक क्रमांक असतो. ई. कोलायचा क्रमांक आहे ११२२८३००७. या क्रमांकाला स्वतःचा अर्थ काही नाही, आणि तोच त्याचा गुण आहे. नाव इंग्रजीत लिहा, मराठीत लिहा, उद्या बदला, क्रमांक तोच.

यातून तीन नियम निघतात. निव्वळ नामांतर असेल तर क्रमांक कायम ठेवायचा, नवे नाव पुढे आणायचे आणि जुने नाव पर्यायी म्हणून त्याच क्रमांकाखाली ठेवायचे. मग कोणत्याही नावाने शोधले तरी पाचही रुग्ण सापडतात. वाटणी झाली असेल तर नव्यांना नवे क्रमांक द्यायचे. जुना संदिग्ध क्रमांक पुढे वापरायचा नाही, पण पुसायचाही नाही. तो आता कोणाकोणाकडे जातो याची खूण ठेवायची. जुन्या रुग्णांना अंदाजाने नव्या खान्यात ढकलायचे नाही. आणि तिसरे, रुग्णाला ज्या दिवशी जो रिपोर्ट दिला त्यातील शब्द नंतर बदलायचे नाहीत. नाहीतर त्याच रिपोर्टची दुसरी प्रत काढली की त्यावर वेगळेच नाव छापले जाईल आणि विम्याच्या कचेरीत रुग्ण खोटा ठरेल.

बदलाच्या काळात दोन्ही नावे जोडीने लिहिणे हे सर्वांत सोपे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने मंकीपॉक्सचे नाव एमपॉक्स केले, तेव्हा वर्षभर दोन्ही नावे चालू ठेवण्याचे ठरवले होते. आमच्या रिपोर्टवरही आता 'क्लेब्सिएला एरोजेनिस (पूर्वीचे नाव एन्टेरोबॅक्टर एरोजेनिस)' असे छापले जाते. एका ओळीची शाई जास्त लागते, इतकेच.

वाचकांनी एवढे करावे

१. जुने रिपोर्ट टाकून देऊ नका. तारखेप्रमाणे लावून एका फाईलमध्ये ठेवा आणि सांगली, मिरज, कोल्हापूर, कुठेही दाखवायला जाताना ती बरोबर न्या.

२. दोन रिपोर्टवर जंतूंची नावे वेगळी दिसली तर घाबरू नका, पण गप्पही बसू नका. 'हे एकाच जंतूचे जुने व नवे नाव आहे का, की खरोखर दुसरा जंतू आहे?' असे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. दोन्ही शक्यता असतात.

३. नाव सारखे दिसले म्हणून दुसऱ्याचे औषध घेऊ नका. आडनाव एक असले तरी दोन माणसे सारखी नसतात. जंतूंचेही तसेच आहे.

४. रिपोर्टवरचे नाव मोबाईलवर शोधून स्वतःच निष्कर्ष काढू नका. तेथे जुनी आणि नवी माहिती एकाच पंक्तीला बसलेली असते.

५. आभा क्रमांक काढला असेल तर रिपोर्ट त्याला जोडून घ्या. तरी मूळ कागद जपून ठेवा.

महिन्याभराने तात्या पुन्हा आले. लघवीचे कल्चर स्वच्छ आले होते. जाताना दाराशी थांबून म्हणाले, "डॉक्टर, जंतूचा बी सात-बारा असतो म्हणा की!"

मी म्हटले, "असतो तात्या. फक्त फेरफार नीट लिहिला पाहिजे."